हाताची घडी

मैदा, अंडं, चिमूटभर पापडखार.
खार जास्त झाला तर साबण चावल्यासारखं लागतं,
कमी झाला तर पारी पाण्यात रडते.
लाट. अजून लाट.
खालच्या पेपरातलं भरती-ओहोटीचं कोष्टक
पारीतून वाचता आलं पाहिजे.
मग चौकोन काप.

अब्बा एकतीस वर्षं जहाजावर भंडारी.
राजिवड्यात यायचे दहा-दहा महिन्यांनी,
बॅगेत साबण, टॉर्च, आईला नायलॉनचं कापड
आणि जिभेवर बंदरं.
कँटनात म्हणे वाँटनच्या पोटात आख्खी कोळंबी,
आणि रस कशाचा?
सुकवलेल्या लेपीचा! भाजून, कुटून!
आई हसायची पोट धरून :
मग एवढ्या लांब कशाला गेलात?
आपल्या कौलांवर काय वाळतंय?

शांघायात नखाएवढे. पाण्यात मासळीसारखे सुळकन पळणारे,
वर अंड्याच्या पट्ट्या आणि जवळा.
हो, जवळाच. तोच, वासाचा.
फुचौला पारीच मांसाची,
दंडुक्यानं कुटून कुटून कागद केलेली.
ती अब्बांना चालणारी नव्हती.
नुसती बघितली. तासभर, उभ्यानं.

दक्षिणेकडे त्याला म्हणतात ढग गिळणं.
उत्तरेत म्हणे नाव असं,
की ऐकताना जग व्हायच्या आधीचा गोळा आठवावा,
ना डोळे, ना कान, ना तोंड.
थंडीतल्या सगळ्यात लांब रात्री तो खातात.
का, ते एकेक जण एकेक सांगतो.
अब्बा म्हणायचे, भंडाऱ्याला ठाऊक एवढंच :
भोक पडलं की मेला.

आणि लियाओ.
इंजिनात तेल घालणारा, चेंगदूचा.
जेवताना डोळ्यांत पाणी, तिखटानं नव्हे,
तिखट नाही म्हणून.
अब्बांनी त्याला तिरफळं दिली,
बांगड्यासाठी आईनं बांधलेली पुरचुंडी.
त्यानं एक चावलं,
ओठ बधिर होईतो थांबला
आणि तांदळाच्या पोत्यावर मटकन बसला.
बराच वेळ कुणाशी बोलला नाही.
त्यानंच शिकवली ती घडी :
आधी त्रिकोण, मग दोन्ही टोकं पोटावर, एकावर एक.
त्याच्या गावात पदार्थाचं नावच ते.

मारुती मंदिराला चायनीजच्या गाड्या लागल्या
तेव्हा अब्बांनी एक लाल प्लेट घेतली,
वास घेतला, काटा खाली ठेवला,
अदबीनं विचारलं, हे कुठल्या बंदराचं?
पोरगा म्हणाला, चाचा, मी साळवी स्टॉपचा.

बोटी पुन्हा पाण्यात जायच्या आठवड्यात
अब्बांची उजवी बाजू गेली. बोलणंही.
आता खुर्चीत, खाडीकडे तोंड,
मेलेला हात जिवंत हातानं पोटावर धरून.
शेजारचे मास्तर येतात, गमतीनं म्हणतात,
काय सरंग, हाताची घडी, तोंडावर बोट?
सरंग नाही, भंडारी,
मी आतून म्हणते.

दर जुम्म्याला करते. साठ-सत्तर होतात.
रस लेपीचा, वर जवळा, त्यावर तिरफळाचं लाल तेल.
तिन्ही बंदरं एका वाटीत,
कुठेही उतरले तर मार खाईन.

आज एक सुटला.
करंदी एकीकडे, पारी एकीकडे,
भिजलेल्या पत्रासारखी.
अब्बांनी ती चमच्यात धरली,
उजेडात बघितली,
मग डाव्या हातानं ताटातली कोरी पारी ओढली,
करंदी ठेवली,
ओलं बोट कडेनं फिरवलं.
त्रिकोण झाला. वाकडा, पण झाला.
एक टोक पोटावर आणलं.
दुसऱ्याला हात उरला नव्हता.

माझ्याकडे बघितलं,
पूर्वी खलाशाकडे बघायचे तसं,
उशीर झालाय, कुठे होतास?

मी बोट ठेवलं.